त्यांचा वाईन उद्योग, आमची हातभट्टी

एप्रिल लागला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोणत्याही वाडीत काजूच्या झाडाखाली जाऊन उभे राहा. आधी वास येतो, मग माश्यांचा आवाज. बायका सकाळी उन्हाच्या आत बोंडे गोळा करतात, बी पिळून वेगळी काढतात, बी टोपलीत जाते आणि बोंड तिथेच बांधाच्या कडेला पडते. बीच्या वजनाच्या सहा-आठ पट वजन बोंडाचे असते. म्हणजे पोतेभर बी घरी येते तेव्हा सहा-आठ पोती फळ मातीत गेलेले असते. एक-दोन दिवसांत ते आंबते. आंबायला त्याला कुणाचा परवाना लागत नाही.

गेल्या महिन्यात जयंतीच्या तयारीची बैठक आमच्या बौद्धवाडीच्या विहारात भरली होती. वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग, वक्ता कोण आणायचा हे सगळे झाल्यावर एका मुलाने मोबाइल पुढे केला. कोकणातही आता वाईनरी येणार, बोंडांना भाव मिळणार, तरुणांना रोजगार मिळणार, असा मजकूर फिरत होता. त्यावर दोन प्रतिक्रिया आल्या. एक जण म्हणाला, "आपण पंचशील घेतलेली माणसं. दारूवाल्यांचं दारूवाले बघतील, आपला काय संबंध?" दुसरा म्हणाला, "दादा, संबंध कसा नाही? बचत गटाच्या नावावर प्रकल्प काढू. आपली पोरं मुंबईला जाऊन वॉचमन होण्यापेक्षा इथे काहीतरी उभं राहील." दोघेही चांगले कार्यकर्ते आहेत. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण त्या रात्री घरी जाताना आम्हाला वाटत राहिले की मूळ प्रश्नाला दोघांनीही हात घातला नाही. म्हणून हा लेख.

रत्नागिरीत द्राक्षाचे मळे नाहीत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्या ओलीत द्राक्ष टिकत नाही. पण वाईनचे सरकारी धोरण काय चीज आहे ते समजायचे असेल तर घाट चढून नाशिकला जावे लागते. आज आपल्या काजूबद्दल जे गोड बोलले जात आहे, ते सगळे पंचवीस वर्षांपूर्वी तिथल्या द्राक्षाबद्दल बोलून झाले आहे.

नाशिककडे वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. तोडणी संपली की बागेतून दोन गोष्टी बाहेर पडतात. एक द्राक्ष आणि दुसरा मजूर. द्राक्ष वाईनरीत जाते. तिथे ते चिरडतात, रस स्टीलच्या मोठ्या टाक्यांत भरतात. साली रसाबरोबर राहू दिल्या तर लाल वाईन होते, आधीच वेगळ्या केल्या तर पांढरी. यीस्ट रसातली साखर खाते, तिचे अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. हे होताना टाकी तापते म्हणून ती थंड ठेवण्याची यंत्रणा असते. पुढे काही वाईन ओकच्या लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरते. एवढी काळजी द्राक्षाच्या रसाची घेतली जाते. आणि मजूर? दिंडोरी, निफाडच्या बागांत पेठ, सुरगाण्याकडून आदिवासींच्या टोळ्या येतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून तोडणीपर्यंत पाठ वाकवून राबतात. तोडणी संपली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन परत. काही जण एप्रिलच्या खरड छाटणीला पुन्हा येतात. रसाला तापमान सांभाळून टाकीत ठेवणाऱ्या धंद्यात माणसाला मुरायला जागा नाही.

तोडणीच्याच दिवसांत तिथे आणखी एक प्रकार चालतो. शहरातून आलेले पर्यटक पैसे भरून टबात उतरतात आणि पायांनी द्राक्षे तुडवतात. फोटो काढतात. आम्हाला त्यांच्या मजेचा राग नाही. पण ज्या समाजाला पायापासून जन्मलेले म्हणून हिणवले गेले, त्याने कोकणातल्या एखाद्या परसात तसेच पाय धुऊन बोंडे तुडवली आणि रस मडक्यात भरून ठेवला, तर तिथे पर्यटक येत नाहीत. तिथे येते ती उत्पादन शुल्क खात्याची किंवा पोलिसांची गाडी. मडके फुटते, रसायन जमिनीवर ओतले जाते, पंचनामा होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात, 'हातभट्टी उद्ध्वस्त'. यीस्ट दोन्हीकडे तेच काम करते. रसायनशास्त्राला जात माहीत नाही, कायद्याला माहीत आहे.

हे आम्ही चिडून बोलत नाही, कागद तसे आहेत. 2001 मध्ये महाराष्ट्र सरकारने वाईनसाठी धोरण आणले. त्याचे नाव काय ठेवले? द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण. नावात मद्य हा शब्दच नाही. धान्य दळले की प्रक्रिया, लोणचे घातले की प्रक्रिया, तशी वाईन केली की प्रक्रिया. उत्पादन शुल्कात सवलती आल्या, वाईन पार्क आले. पुढे वाईनवर 20 टक्के मूल्यवर्धित कर लावला आणि त्यातले 16 टक्के कंपन्यांना परत द्यायची योजना आणली. सरकार बदलले, मुख्यमंत्री बदलले, पक्ष फुटले, तरी ही परताव्याची योजना मात्र आणखी पाच वर्षांसाठी पुढे सरकली. 2000 साली पहिली बाटली काढणारी नाशिकची सर्वांत मोठी कंपनी, सुला, 2022 च्या डिसेंबरमध्ये शेअर बाजारात गेली.

आता दुसरा कागद पाहा. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले. तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटींची भर पडेल असा अंदाज दिला गेला. देशी दारूचे शुल्क प्रूफ लिटरमागे 180 रुपयांवरून 205 झाले, 180 मिलिलिटरच्या देशीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये ठरली. विदेशी बनावटीच्या दारूवरही वाढ झाली. वाईनला मात्र हात लावला नाही. म्हणजे हमाल, बिगारी, नाका कामगार जे पितो त्यावर वाढ, आणि चीजच्या तुकड्याबरोबर जे प्यायले जाते त्यावर सूट, वर करातला परतावा. कोणी म्हणेल की वाईनमध्ये अल्कोहोल कमी असते. असते, साधारण बारा-तेरा टक्के. मग माडीत त्याहून कमी असते, तिच्यासाठी कोणते प्रक्रिया धोरण आहे?

माडीचा विषय निघाला म्हणून थोडे मागे जाऊ. कोकण किनाऱ्यावर माड-ताडाला चढून माडी-ताडी काढणे हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजांनी 1878 चा मुंबई अबकारी कायदा आणला, झाडागणिक कर बसवला, गाळण्याचे काम ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे नेले. 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरच बंधने घातली. ज्या फुलावर आदिवासी घर उन्हाळ्यात जगते, ते फूल घरात ठेवणे गुन्हा झाला. त्या फुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले 2021 मध्ये. सव्वाशेहून अधिक वर्षे! इंग्रज गेल्याला पंचाहत्तर वर्षे होत आली तेव्हा.

बहुजनांच्या हातातला धंदा काढून घेऊन त्यांनाच गुन्हेगार ठरवण्याची ही रीत इथे रुजली. ज्या भंडारी समाजावर ही कुऱ्हाड पडली, त्याच समाजातले रावबहादूर सीताराम केशव बोले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात आणला, आणि त्या ठरावाच्या आधारावर महाडचे चवदार तळे उभे राहिले. आज कोकणात भंडारी, कुणबी आणि बौद्ध यांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी जे जे चालले आहे ते पाहता हा धागा तरुणांनी विसरू नये, एवढेच जाता जाता.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. तो आजही चालू आहे, फक्त त्याच्या नावातले मुंबई जाऊन महाराष्ट्र आले. बंदी सगळ्यांना होती म्हणतात, पण ज्यांच्याकडे वशिला, डॉक्टर आणि पैसा होता त्यांना परमिट मिळत होते. परमिट रूम हा शब्द तिथूनच आपल्या रस्त्यांवर आला. ज्यांना परमिट नव्हते ते झोपडपट्टीतल्या भट्टीकडे गेले. कंजारभाटांसारख्या जमाती, ज्यांना इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते आणि 1952 मध्ये कागदावर मुक्त केले, त्यांच्या वस्त्यांवर पोलिसांचा पहारा मात्र उठला नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो. हातभट्टीला आम्ही डोक्यावर घेत नाही. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यात मिथेनॉल होते. मेलेली माणसे कोण होती? रोजंदारीवर जगणारी, झोपडीत राहणारी. भट्टीतून मरण आमच्याच घरी येते. ज्या व्यवस्थेत श्रीमंताच्या बाटलीला प्रयोगशाळा, लेबल आणि अनुदान आहे आणि गरिबाच्या फुग्यात काय भरले आहे ते कोणी तपासत नाही, त्या व्यवस्थेवर आमचा आरोप आहे.

आता 2022 कडे येऊ. त्या वर्षी 27 जानेवारीला महाविकास आघाडी सरकारने शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, फळे, फुले आणि मधापासून वाईन करणाऱ्यांना बाजार मिळावा म्हणून, असे सांगण्यात आले. वाईन म्हणजे दारू नव्हे, असे सत्तेतल्या पक्षाचे खासदार संजय राऊत म्हणाले. विरोधात बसलेल्या देवेंद्र फडणवीसांनी महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होऊ देणार नाही अशी घोषणा केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अंमलात आलाच नाही. टीव्हीवर दोन आठवडे संस्कृतीची चर्चा झाली. त्या चर्चेत पेठ-सुरगाण्याची एकही बाई बोलायला बोलावलेली आम्ही पाहिली नाही. मद्यराष्ट्रवाले सत्तेत आल्यावर वाईनचा परतावा कोणी पुढे चालू ठेवला, ते वर आलेच आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या दुसऱ्या निर्णयाकडे मात्र कोणी फार पाहिले नाही, आणि रत्नागिरीच्या दृष्टीने महत्त्वाचा तोच आहे. काजूची बोंडे आणि मोहाची फुले यांपासून गाळलेल्या मद्याला देशीच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घातले. मोह विदेशी! गडचिरोलीच्या जंगलात हजारो वर्षे फुलणारे झाड विदेशी झाले. काजू एक वेळ पोर्तुगीजांनी आणला म्हणून समजू. यामागे हेतू सरळ आहे. देशीचा शिक्का असला की माल फक्त देशीच्या दुकानात जातो. विदेशीचा शिक्का लागला की हॉटेलात, बारमध्ये, महाग बाटलीत जातो. म्हणजे आदिवासीच्या आणि कोकणी माणसाच्या पेयाला प्रतिष्ठा मिळायची असेल तर आधी त्याचा देश बदलावा लागतो.

शेजारी गोव्यात बोंडांचे काय होते ते सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांना चांगले माहीत आहे. तिथे बोंड तुडवून रस काढतात, तो आंबवतात, भट्टीवर चढवतात, आधी उर्राक आणि मग फेणी. 2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, 2016 मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. सिंधुदुर्गाच्या बाजूची बोंडे सीमा ओलांडून जातात. सीमेच्या पलीकडे तो वारसा, अलीकडे विनापरवाना केला तर गुन्हा. मधे काय आहे? एक नाका.

इथे पहिल्या मित्राच्या मुद्द्याला भिडले पाहिजे. आपण धम्मवाले, आपला काय संबंध?

पंचशीलातल्या पाचव्या शीलात दोन शब्द आहेत, सुरा आणि मेरय. आपण वंदनेत ते भरभर म्हणून जातो. मेरय म्हणजे काय ते विनयात दिले आहे. फुलांचा आसव, फळांचा आसव, मधाचा आसव, गुळाचा आसव. पुन्हा वाचा. फुले, फळे, मध. सरकारने वाईनच्या बाजूने जी तीन नावे घेतली, तीच अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंच्या नियमात लिहून ठेवली आहेत. हा नियम कशावरून झाला तेही वाचण्यासारखे आहे. सागत नावाचे भिक्खू, मोठ्या नागाला नमवणारे. कोसंबीच्या लोकांनी आदराने घरोघरी त्यांना मद्य दिले आणि ते नगराच्या वेशीत पडले. ज्याने नागाला नमवले त्याला आता पाण्यातला साधा साप तरी नमवता येईल का, असे भगवंतांनी भिक्खूंना विचारले. तेव्हा वाईन दारू आहे की नाही या वादात आंबेडकरी माणसाने वेळ घालवू नये. ती दारू आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्यात वाईन वगळून असा कंस नाही.

पण शील माणूस स्वतः घेतो. हात जोडून, स्वतःच्या तोंडाने. पोलिसाच्या काठीने जे पाळले जाते ते शील नव्हे, आणि एका जातीच्या पाठीवर पडणारी व दुसऱ्या वर्गाला सलाम ठोकणारी काठी तर मुळीच नव्हे. आम्ही पीत नाही म्हणून या अन्यायावर बोलायचे नाही, हा तर्क आम्हाला मान्य नाही. आम्ही देवळात जात नव्हतो तरी काळारामचा सत्याग्रह झाला, कारण प्रश्न मूर्तीच्या दर्शनाचा नव्हता, समान हक्काचा होता.

बाबासाहेबांनी स्वतः या विषयाला कसा हात घातला होता? 12 मार्च 1927. महाडचा सत्याग्रह अजून आठवडाभर लांब आहे. मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालू आहे. नव्यानेच सभासद झालेले बाबासाहेब उठतात आणि आकडे ठेवतात. या प्रांतात शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च होतात, आणि अबकारीतून माणशी 2 रुपये 2 आणे 9 पै गोळा होतात. म्हणजे जवळपास अडीच पट. त्यांची मागणी अशी की निदान जेवढे दारूतून लोकांकडून घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. पिणाऱ्याला त्यांनी उपदेश केला नाही, सरकारकडे हिशेब मागितला. दारूचा पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि कोणाच्या पोरांवर खर्च होतो, एवढाच प्रश्न. आज जयंतीच्या व्यासपीठावर शिका-संघटित व्हा म्हणणारे किती वक्ते हा प्रश्न विचारतात?

हा प्रश्न आज रत्नागिरीत विचारला तर काय दिसते? डोंगरावरच्या वाड्यांमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट घसरत चालला आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे काय करायचे याची पत्रे 2022 पासून निघत आहेत, समूह शाळा नावाचा गोंडस शब्द निघाला आहे. पावसात ओढा ओलांडून समूह शाळेत जाणारे पोर कोणत्या वाडीचे असते ते सांगायला नको. इकडे 14 हजार कोटींचे जादा शुल्क देशीच्या बाटलीतूनही गोळा करायचे आणि तिकडे शाळेला मास्तर द्यायला पैसे नाहीत असे म्हणायचे. 1927 चा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

आता दुसऱ्या मित्राचा मुद्दा. प्रकल्प काढू, परवाना घेऊ, पोरांना काम मिळेल. आम्ही त्याची चेष्टा करणार नाही. वाडीतले घर कुलूप लावून बोरिवली-विरारला गेलेले पाहणे सोपे नसते. पण मित्रा, बोंड कोणाचे आहे हे आधी पाहू.

रत्नागिरी हा खोतांचा जिल्हा होता. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले. पेन्शनीत निघाल्यावर सुभेदार रामजी दापोलीच्या कॅम्पात राहिले. खोताच्या जमिनीवर कुणबी कुळ म्हणून राबत होता आणि महार कुळाच्याही खाली. 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल विधानसभेत मांडले, जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. जमीन कसणाऱ्याला मिळण्याचा मार्ग उघडला, पण कूळ म्हणून ज्याचे नाव कागदावर होते त्याला. आमच्या अनेक वाड्यांत ते नाव नव्हतेच. आज बौद्धवाडीतल्या घराकडे परसातली चार झाडे, थोडी वरकस, नाहीतर दुसऱ्याच्या बागेतली मजुरी. आंबा-काजूच्या मोठ्या बागा कोणाच्या, तिथे राखण करायला नेपाळहून माणसे का आणावी लागतात, हे सगळे जिल्ह्याला माहीत आहे.

2024 मध्ये काजू बीला किलोमागे 10 रुपये अनुदान जाहीर झाले तेव्हा पहिला कागद मागितला गेला तो सातबारा, आणि त्यावर काजूची नोंद. बोंडातून बी पिळून ज्यांची बोटे चिकाने सोलवटली, त्या बाईच्या नावावर सातबारा असतो का? उद्या बोंडाला भाव आला तर तो सातबाऱ्याच्या मालकाला येणार. परवाना घ्यायला लागणारे भांडवल, जागा, टाक्या, शीतगृह, दरवर्षीचे शुल्क, उत्पादन शुल्क खात्याच्या फेऱ्या, हे सगळे कोण करू शकतो? नाशिकमध्ये द्राक्ष तोडणारा वाईनरीचा भागीदार झाला का? तिथे पंचवीस वर्षांत जे झाले नाही ते इथे बचत गटाच्या पाटीखाली होईल, असे मानायला आम्ही तयार नाही. पाटी आपली आणि टाकी त्यांची, असेच होण्याची भीती जास्त आहे.

बोंडाचे दारूखेरीज काही होत नाही असेही नाही. त्याच्या रसात क जीवनसत्त्व भरपूर असते. तुरटपणा आणि खवखव काढली की सरबत होते, सिरप होते. आंबवलाच तर पुढे नेऊन व्हिनेगर करता येते. दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 सारख्या जाती दिल्या, कोकणभर त्या लागल्या. झाड सुधारले. बोंड गोळा करणाऱ्या बाईच्या दारापर्यंत मात्र ना रस काढायचे यंत्र आले, ना ते एका दिवसात उचलून नेणारी गाडी. वाईनसाठी जो कर परत देता येतो तो सरबतासाठी एक टेम्पो आणि एक शीतखोली द्यायला का पुरत नाही, हा आमचा साधा सवाल आहे.

आणि स्वतःच्या घरातले बोलल्याशिवाय हा लेख पुरा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. जयंतीच्या रात्री डीजेच्या मागे काय चालते ते आपण सगळे पाहतो आणि दुसऱ्या दिवशी फेसबुकवर निळे झेंडे टाकतो. देशीवरचे शुल्क वाढल्यावर पिणारा कमी पीत नाही, घरात कमी देतो. हे आकड्यांत शोधायची गरज नाही, कोणत्याही वाडीतल्या वहिनीला विचारा. गावातले दुकान बंद करायला बायकांना आडव्या बाटलीचे मतदान करता येते, पण त्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडावी लागतात. मुंबईला कामाला गेलेल्या बाईचेही नाव त्या यादीत असते. आमदार व्हायला एवढी मते लागत नाहीत. या बायकांच्या बाजूने आपण उभे राहणार की वाईनरीच्या उद्घाटनाला फेटे बांधणार, हे ज्याने त्याने ठरवावे. आमचे ठरले आहे.

बैठकीत त्या दिवशी शेवटी तीन कामे वाटून घेतली. एक, माहिती अधिकाराचा अर्ज. गेल्या पाच वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यात दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना दारू गाळण्याचे किती गुन्हे नोंदले, किती जणांना अटक झाली, त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी किती, आणि किती खटल्यांत शिक्षा लागली. दुसरा अर्ज, जिल्ह्यातून गोळा झालेले उत्पादन शुल्क आणि जिल्हा परिषदेच्या शाळांवर झालेला खर्च, वर्षवार. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून जयंतीच्या बॅनरवर छापायचे आहेत, पुढाऱ्यांच्या फोटोंच्या जागी. तिसरे, 1 मेच्या ग्रामसभेत मांडायचा ठराव. बोंडावर प्रक्रिया करणारा कोणताही प्रकल्प गावात आला तर बोंड गोळा करणाऱ्याला, मग त्याच्या नावावर सातबारा असो वा नसो, वजनावर दर मिळावा, तो फलकावर लिहिलेला असावा, आणि पहिला प्रकल्प सरबत-सिरपचा असावा.

ज्या मुलाने मोबाइल पुढे केला होता, त्यानेच अर्ज लिहून काढला आहे. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तो सोमवारी टपालात पडेल. आपापल्या तालुक्यात हाच अर्ज टाकायचा असेल त्यांनी मजकूर आमच्याकडून घ्यावा. ग्रामसभेला बायकांनी यावे म्हणून सभा सकाळी अकराच्या आत ठेवा, असे सरपंचांना लेखी कळवले आहे. दुपारी त्या बोंडे गोळा करायला डोंगरात असतात.

जय भीम.